खिडकीसमोरची वलांडी

मार्गशीर्ष लागला की आमच्या डहाणूत सकाळचा वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. मतलई म्हणतात त्याला. कोरडा, जरासा गार, अंगाला न चिकटणारा. तो सुटला की खाडीकाठच्या घरांपुढच्या वलांड्या भरतात. वलांडी म्हणजे बांबू रोवून त्यांना बांधलेल्या आडव्या दोऱ्या, बोंबील वाळवायला. दोन बोंबील घ्यायचे, एकाच्या जबड्यात दुसऱ्याचा जबडा अडकवायचा आणि जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे, एक तिकडे. लग्न होऊन नवीन आले तेव्हा ते बघून मला हसू आलं होतं, इथे मासेसुद्धा जोडीने लटकतात म्हणून. सासूबाई म्हणाल्या, "हस, हस. तूपण आता लटकलीस."

यंदाही वारा वेळेवर सुटला. आळीतल्या सगळ्या वलांड्या भरल्या. आमच्या दारची तेवढी रिकामी राहिली. दोऱ्या सोडलेल्या, नुसते बांबू उभे. ती वलांडी माझ्या कामाच्या खोलीच्या बरोबर खिडकीसमोर आहे, त्यामुळे मान वर केली की पहिले ते बांबू दिसतात. मी आत बसून कुणाच्या तरी हळदीचा व्हिडिओ कापत होते. मान वर करायची नाही असं ठरवलं की मान हमखास वर होते. बाहेर सासूबाई पायरीवर बसून तांदूळ निवडत होत्या. मार्गशीर्षातल्या सकाळी ही बाई तांदूळ निवडते आहे हे दृश्यच मला बघवत नाही. आणि हे माझ्या कॉम्प्युटरमुळे झालं.

मी तलासरीची. वडील शाळेत शिक्षक, घर हायवेपासून जवळ, समुद्र फक्त सहलीला पाहिलेला. मासळी आमच्याकडे यायची ती टोपलीतून, बाजाराच्या दिवशी. लग्नाआधी मी विरारला एका स्टुडिओत व्हिडिओ एडिटिंग करायचे. तिथे सगळी मशीन सफरचंदवाली. लग्नानंतर काही महिने स्टुडिओचाच लॅपटॉप घेऊन इथून काम केलं. मग त्यांनी तो परत मागितला. त्यांचाच होता, त्यांचं काही चुकलं नाही. पण तो खोक्यात भरून पाठवून दिला आणि घरात मी नुसती सून उरले. त्याच आठवड्यात ठरवलं की स्वतःचं मशीन घ्यायचं. सफरचंद परवडणारं नव्हतं. शिवाय डेस्कटॉप घेतला तर आज थोडं, उद्या थोडं असं वाढवत नेता येतं. म्हणजे विंडोज. इतकी वर्षं ज्याला नावं ठेवली त्याच्याच दारात जायचं होतं.

गेल्या वर्षीची दिवाळी मी प्रोसेसर आणि मदरबोर्डचे व्हिडिओ बघण्यात घालवली. माझा नवरा जयेश बोटीवर असतो. दिवाळीला घरी होता. खाटेवर पडून तोही ऐकायचा.

"इंजिन कुठलं घेतेस?"

"प्रोसेसर म्हणतात त्याला."

"तेच ते. सिलिंडर किती?"

"सहा कोर."

"आपल्या बोटीलापण सहाच हाय. घे मग, विचार कसला करतेस?"

भाऊबीज झाल्यावर आम्ही वापीला गेलो. आमच्या भागातलं माणूस मोठी खरेदी करायला हद्द ओलांडूनच जातं, आणि तलासरीचं माणूस तर गुजरातीत घासाघीस करतच मोठं होतं. दुकानदार शांत होता. मी ग्राफिक्स कार्डाचं विचारलं तर म्हणाला, "हमणां शुं जरूर छे, बेन? पछी अपग्रेड थई जशे." आत्ता गरज काय, नंतर वाढवू. मला तो सज्जन वाटला, आणि होताही. निघताना त्याने जयेशला विचारलं, राहता कुठे? खाडीकाठी म्हटल्यावर म्हणाला, ओल आणि खारी हवा जरा जपा.

आळीतली मासळी घेऊन वापीला जाणारा टेम्पो रिकामा परत येतो, त्यातून कॉम्प्युटर घरी आला. टेम्पोवाल्याने खाली धुऊन घेतलं होतं, गोधड्या अंथरल्या होत्या, तरी खोक्यांना पापलेटचा वास लागला तो लागलाच. दारात सासूबाई नारळ आणि कुंकू घेऊन उभ्या. आमच्या घरात नवं जाळं येवो की मिक्सर, कुंकू लागल्याशिवाय आत जात नाही. कॅबिनेटभोवती फिरून त्यांनी विचारलं, "ह्याला तोंड कुठल्या अंगाला?" मी काचेची बाजू दाखवली. "आधीच्यावर फळ तरी होतं," असं पुटपुटत त्यांनी काचेवर बोट टेकवलं.

घरात एकच खोली अशी की जिला ओल लागत नाही. कडेची, उगवतीकडे वलांडीसमोर खिडकी असलेली. तिथे आईंच्या, म्हणजे सासूबाईंच्या, सुक्या बोंबलांचे पिंप असायचे, जवळ्याची पोती असायची, माळ्यावर मांदेलीच्या पिशव्या. मी पुढच्या खोलीत टेबल लावायचं ठरवलं होतं. पण रात्री जेवताना जयेश मजेत म्हणाला, दुकानवाला सांगत होता, खाऱ्या हवेपासून जपा, नायतर बायकोपेक्षा नाजूक हाय हे. आम्ही हसलो. सकाळी उठून बघते तर कडेची खोली रिकामी, फरशी पुसलेली, उदबत्ती लावलेली. पिंप सगळे पडवीत, ताडपत्रीखाली.

"अहो आई, कशाला? राहू द्या ना," मी म्हटलं.

"माझं काय, पडवीतपण राहतंय."

मी एकदाच म्हटलं. दुसऱ्यांदा म्हणायला हवं होतं, हे मला त्याच क्षणी कळत होतं. पण खोलीत उदबत्तीचा वास येत होता, बोंबलांचा नव्हता, आणि मला ती खोली हवीहवीशी वाटली.

मग नव्या मशीनशी जुळवून घेण्याचे दिवस. सासरी आल्यावर मिठाचा डबा हात जाईल तिथे नसतो, तसं सगळं. स्क्रीनवरची खिडकी बंद करायचं बटण डावीकडे शोधावं तर ते उजवीकडे. बोटं जुन्या कळीवर पडायची आणि भलतंच काहीतरी उघडायचं. जुनी कामं नव्यावर उघडेनात, सॉफ्टवेअर पुन्हा पहिल्यापासून शिकले. चिडले की मी मोठ्याने बोलायचे, आणि बाहेरून आवाज यायचा, "आज कोणाला ओरडतेस गो?"

कारण बाहेर आई असायच्या. बोंबलांचा आणि लग्नांचा हंगाम एकच. मी आत लग्नं कापायचे, त्या बाहेर बोंबील टांगायच्या, मध्ये खिडकी. हात जोड्या लावत असायचे आणि डोळे माझ्या स्क्रीनवर. डहाणू, तलासरी, उंबरगाव, सगळीकडच्या वराती त्यांनी त्या खिडकीतून पाहिल्या. "ही तर झरीची, माझ्या गिऱ्हाइकाची पोर. केवढी झाली." किंवा, "नवरीचा बाप रडतोय ते कापलंस का गो? तेच ठेव, बाकीचं काप." मी ऐकायचे. त्यांनी सांगितलेलं ठेवलं की लोक खूश व्हायचे, हा माझा अनुभव. खोलीच्या आत मात्र त्या कधी आल्या नाहीत. हाताला वास हाय, म्हणायच्या.

त्या वासाबद्दल लिहायचं तर खरं लिहिते. मला तो सोसत नव्हता. बोंबील खायला आवडतात, वाळताना आवडत नाहीत. वारा पडला की खोलीभर माशा यायच्या. फोटोग्राफर काम घेऊन यायचे तर रुमाल नाकाशी न्यायचे आणि मग उगाच शिंकल्यासारखं करायचे. मी कुणाला काही बोलले नाही. मनात मात्र रोज बोलायचे.

पौषात लग्नं नसतात, म्हणून अपग्रेड तेव्हा काढला. तोवर मशीन धापा टाकू लागलं होतं. हल्ली प्रत्येक लग्नात ड्रोन उडतो, त्या फायली याला पेलवेनात. वापीला जाऊन रॅम वाढवली, ग्राफिक्स कार्ड घेतलं, चांगलं दांडगं. दुकानदार म्हणाला, "बेन, एसएमपीएस नानो पडशे." एसएमपीएस म्हणजे आतला वीज वाटून देणारा डबा. तो या कार्डाला लहान पडेल म्हणत होता. मी म्हटलं, "पछी अपग्रेड थई जशे." त्याचंच वाक्य त्याला ऐकवलं म्हणून तो हसला, मीही हसले. कार्ड बसवल्यावर मशीन असं धावायला लागलं की मी जयेशला बोलावून बोलावून दाखवलं.

माघात लग्नं सुरू झाली आणि भर कामात ते बंद पडलं. फट् असा आवाज, थोडा जळका वास, संपलं. काम द्यायची तारीख तोंडावर आली होती. घाबरून मी गावातल्याच एका दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने झाकण काढलं, आत बघितलं न बघितलं, आणि खिडकीतून बाहेर बघितलं. वलांडी गच्च भरलेली होती. "हे काय समोर," तो म्हणाला. "खारी हवा, मासळी. दुसरं काय होणार याचं?" आमच्या किनाऱ्यावर फ्रिज गेला, पंखा गेला, काहीही गेलं तरी हेच उत्तर मिळतं, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. तो बोलला तेव्हा आई खिडकीपलीकडे हातात एक जोडी धरून उभ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी ती जोडी दोरीवर टाकली नाही, परत टोपलीत ठेवली.

मी दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन वापीला गेले. दुकानदाराने उघडलं आणि जळका डबा काढून माझ्यासमोर ठेवला. बोर्ड साफ होता, कार्ड साफ होतं. खाऱ्या हवेचा काही संबंध नव्हता. डबा लहान, कार्ड मोठं, त्याने सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं. नवा डबा बसला, मशीन सुरू झालं. मी इतक्या आनंदात घरी आले की चपला काढायच्या आधी दारातूनच सांगितलं, "आई, चूक माझी होती. तुमच्या बोंबलांनी काही नाही केलं."

दारच्या वलांडीवर एकही बोंबील नव्हता. अर्धे ओले बोंबील त्यांनी शेजारच्या पारूकाकींच्या वलांडीवर नेऊन टाकले होते. दोऱ्या सोडून गुंडाळून ठेवल्या होत्या.

"बरं झालं सुरू झालं ते," त्या म्हणाल्या.

"अहो, पण ऐकलंत ना? खाऱ्या हवेने नाही झालं."

"ऐकलं गो. माझं मन राखायला बोलतेस, कळतंय मला."

मी परोपरीने सांगितलं. जयेशनेही सांगितलं, की लहान बॅटरीवर मोठं इंजिन मारल्यासारखं झालं ते. त्या ऐकून घेत होत्या. मग म्हणाल्या, "बोटीचा नांगर केवढा जाड असतो. त्याला खाते ही हवा. तुझ्या त्या तारा तर केसासारख्या बारीक. आणि मी रोज त्या मशीनच्या तोंडासमोर मीठ-पाणी झटकते." बोर्ड साफ निघाला हे मी पुन्हा सांगू शकले असते. पण मी थांबले. समजावून थकले असं मी जयेशला सांगितलं. खरं असं की माझ्या समजावण्यात जोर नव्हता. खिडकी उघडी होती, आणि तिच्यातून नुसती हवा येत होती.

असा तो हंगाम मध्येच मोडला. आई ओली मासळी विकत राहिल्या, बाजारात बसत राहिल्या, कुणाशी भांडल्या नाहीत, आजारी पडल्या नाहीत. बाहेरून काही बदललं नाही. फक्त खिडकीसमोर कुणी नव्हतं. वराती आल्या, हळदी झाल्या, नवरीचे बाप रडले, मी माझ्या मनाने कापत राहिले. एकदा एक फोटोग्राफर खुर्चीत आरामात रेलून म्हणाला, "आता बरं वाटतं तुमच्याकडे बसायला." मी त्याला चहा दिला. बाहेर आई दाराशी पाणी भरत होत्या. त्यांनी ऐकलं असणार.

चैत्रात आम्ही विवळवेढ्याला महालक्ष्मीच्या जत्रेला गेलो. तिथे सुक्या मासळीवाल्या बायकांची रांग लागते. त्या रांगेत आईंची जागा ठरलेली, लग्नाआधी त्यांच्या आईची होती ती. गेल्या चैत्रात त्या पहिल्यांदाच नुसत्या दर्शनाला आल्या. दोन्ही अंगाच्या बायकांनी ती जागा सोडून ठेवली होती, तिथे कुणाची टोपली सरकलेली नव्हती. ते दिसल्यावर आईंनी माझा दंड धरला आणि म्हणाल्या, "चल, इकडून जाऊ, इकडून सावली हाय." तिकडून सावली नव्हती. आम्ही उन्हातून लांबचा फेरा घालून देवळात गेलो. रांगेत उभी असताना मी देवीकडे काहीच मागितलं नाही. कुठल्या तोंडाने मागणार होते?

पावसाआधी त्यांची एक फेरी असायची, तलासरीचा बाजार करून झरीकडच्या पाड्यांवर. पावसाळ्याची बेगमी म्हणून लोक त्यांच्याकडचे बोंबील घेऊन ठेवायचे. ती फेरीही झाली नाही. परवा, म्हणजे यंदाच्या दिवाळीनंतर, मी माहेरी गेले होते. बाजारात झरीच्या एका बाईंनी मला ओळखलं.

"तू डहाणूवालीची सून ना? सासू बरी हाय ना तुझी? पावसाआधी आलीच नाय. आम्ही लय वाट बघितली."

"बऱ्या आहेत," मी म्हटलं. "आता वय झालं ना त्यांचं."

बसमध्ये बसेपर्यंत मला माझंच वाक्य टोचत राहिलं. मजबूत बाई ती. अजून टोपली स्वतः डोक्यावर चढवते. तिला मी भर बाजारात म्हातारी करून टाकलं, का तर खरं कारण सांगायची लाज वाटली म्हणून. हायवेवरून बस चारोटीकडे धावत होती आणि मला पहिल्यांदाच स्पष्ट दिसलं की आईंना मी पटवू शकले नाही यात त्यांच्या हट्टाचा वाटा थोडा आहे आणि माझ्या सोयीचा जास्त.

म्हणून मी जयेशला सांगितलं, बोट आली की बोंबलांचा एक क्रेट घरी टाक.

"आईला विचारलंस?"

"नाही."

त्याने माझ्याकडे बघितलं. पहाटे बोट लागल्यावर क्रेट दारात ठेवला आणि बर्फ बघायचं निमित्त काढून बंदरावर पळाला. समुद्रात वादळाला न भिणारा माणूस तो, पण आम्हा दोघींच्या मध्ये उभं राहायला भितो.

मी दोऱ्या काढल्या, बांबूंना ताणून बांधल्या. पायरीवरून आई बघत होत्या. मी पहिली जोडी लावली ती बरोबर खिडकीसमोर. दुसरी लावली. तांदळाचं सूप बाजूला ठेवून आई उठल्या, आल्या, आणि त्या दोन्ही जोड्या काढून वलांडीच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन टाकल्या. मी त्या परत आणल्या.

"इथे नको गो. ते मशीन हाय समोर."

"असू दे."

"तिकडे टांग ना मग, तिकडे जागा नाय का?"

"मला इथेच टांगायचेत."

त्या काढून न्यायच्या, मी आणून लावायचे. बोलणं कमी आणि येणंजाणं जास्त. बोंबील आधीच नरम, त्यात ही ओढाताण, एकदोन हातातच तुटले. पारूकाकी आपली वलांडी सोडून कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. "काय गो, सासवासुना खेळताय काय?" त्यांनी विचारलं. मला घाम फुटला होता, नाकात तोच वास भरला होता, आणि तो मला अजूनही आवडत नव्हता. तो आवडायला लागेल असंही नाही. मी जोडी लावत होते.

शेवटी आई दमल्या. पायरीवर बसल्या, धापा टाकत माझ्याकडे बघत राहिल्या. मला वाटलं, आता रडतात की काय. त्या चिडलेल्या होत्या. गेल्या माघापासून मी त्यांना चिडलेलं पाहिलं नव्हतं.

"बिघडलं ना, तर तुझ्या डोक्यावर," त्या म्हणाल्या. "मला बोलायचं नाय."

"नाही बोलणार."

"मी नको म्हणत होते. तूच टांगलेस."

"मीच टांगले."

"सगळ्यांना सांगीन मी. तो दुरुस्तीवाला आला ना, त्यालापण सांगीन. सून ऐकत नाय माझी, सगळं तिचं काम हाय."

"सांगा. मागच्या वेळीपण माझंच होतं, तेपण सांगा."

"ते मागचं मला माहीत नाय. आत्ताचं तुझं."

"बरं. आत्ताचं माझं."

त्यांनी मान वळवून शेजारी हाक मारली. "पारू, ऐकलंस ना गो? तू साक्षीला हायस. तिने टांगले, मी नाय."

पारूकाकी म्हणाल्या, ऐकलं.

आईंनी एक मोठा श्वास सोडला. मग त्या उठल्या, पदर खोचला, आणि क्रेटमधून पुढची जोडी उचलली.